नशीब, पैसा की कापलेली काठी?

गणपतीपेठ: गोल्फपटू आदिती अशोक आणि अभिनेत्री स्मिता पाटीलची नावं घेऊन सांगलीच्या पोरींना स्वप्नं विकणं बंद करा. एकीला गोल्फ कोर्स गावातच, दुसरीला दिग्दर्शक श्याम बेनेगल मुंबईत भेटले. नशीब आणि पैसा, बाकी सगळी सत्कारातली भाषणं.

कृष्णाकाठची: दादा, 'नशीब' म्हटलं की विचार करायचं कामच संपतं. आदिती पाच वर्षांची होती तेव्हा अख्ख्या बंगळूरात तीन कोर्स होते. हट्ट धरला म्हणून वडील तिला कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या सरावाच्या मैदानावर न्यायचे. डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोतली लल्ला आयशा टूर स्कूल तिनं जिंकली. ही महिलांच्या युरोपियन टूरची पात्रता फेरी, एकच वाईट दिवस वर्ष घालवतो. १ जानेवारी २०१६ला ती व्यावसायिक झाली, त्याच वर्षी रिओ ऑलिंपिक खेळली आणि इंडियन ओपनही जिंकली. स्वीडनच्या सोरेनस्टॅमचं एलपीजीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या महिला टूरवर खेळायचं, कार्ड तर एका फटक्यानं हुकलं होतं. ती युरोपात जाऊन खेळली आणि १९९५ला यूएस ओपन घेऊन आली. नशीब तिला कुठल्या होलवर भेटलं?

स्मिता पाटील बेनेगलांच्या आधी दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. लेन्सकडे बघताना डोळे न हलवणं तिथेच अंगवळणी पडतं. बेनेगलांचा 'चरणदास चोर' १९७५चा, म्हणजे त्यानंतरचा.

गणपतीपेठ: स्मिताचे वडील राजकारणातले होते, ते सोयीनं गाळलंत.

कृष्णाकाठची: बरं, ते मान्य. मग अभिनेत्री सुलभा देशपांडे घ्या. छबिलदास शाळेत शिक्षिका, पगार चालू ठेवून 'रंगायन' या नाट्यसंस्थेत काम, 'शांतता! कोर्ट चालू आहे' नाटकातली नायिका बेणारे. तिथं कुठला मंत्री होता?

हळदबाजार: नाट्यपंढरी सांगलीचं कौतुक मात्र कुणी काढू नका. १८४३ला इथं विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' नाटक झालं म्हणून आपण दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, मिरवतो. त्यातली सीतासुद्धा पुरुषच. नंतर नागठाण्याचे बालगंधर्व, म्हणजे पुन्हा पुरुषच नऊवारीत. पडद्यावर बाई दिसायला १९१३ उजाडलं, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि लेक कमलाबाई. आणि आजही भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज कमावलेली पोरगी मोबाइलवर ऑडिशन पाठवते तेव्हा नापास होते. तोच आवाज हातभर अंतरावरच्या माइकवर फाटतो, भुवया नाचतात. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला. उजेड खिडकीचा, समोरून. समोरचे संवाद वाचणारा लेन्सला चिकटून आणि हळू आवाजात, नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो. एवढं शिकवायला कुठला पैसा लागतो?

विश्रामबाग२: गोल्फचंही तेच. क्लबातल्या कुणाची जुनी सेव्हन आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची मधल्या पल्ल्याची काठी, मागून घ्या, आठ इंच कापा, ग्रिप (मुठीचं रबर) चढवा. सात वर्षांची पोरगी तयार.

मिरजमार्ग: अहो, असल्या सल्ल्यानंच पोरी बिघडतात! दांडी कापली की लवचिकपणा जातो, उरते सळई. काठीचं डोकं मात्र मोठ्यांच्या मापाचंच, अडीचशे ग्रॅमच्या वर. पोरीच्या मनगटाला ते पेलत नाही. मग ती वरून खाली येतानाच मनगट सोडून देते, चेंडूच्या आधी जमीन उकरते, आणि ती वाकड्या झटक्याची खोड पुढं सुटत नाही. काठीच्या डोक्याचा तळही जमिनीवर सपाट बसत नाही. मिरजेत जनानी तंबोरा मर्दानी तंबोऱ्याची दांडी कापून करतात का? भोपळाच लहान निवडतात.

विश्रामबाग२: तंबोऱ्याचं ज्ञान पाजळू नका. कापलेल्या काठ्यांवर जगभर पिढ्या खेळल्या, त्यातूनच चॅम्पियन झाले.

मिरजमार्ग: झाले, कारण दुसरं काही मिळत नव्हतं. आता मुलांच्या हलक्या काठ्या मिळतात. कापायचाच असेल तर पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, कापा. त्यात वेग नाही, दांडी ताठ झाली तरी बिघडत नाही. आदिती लांब मारणाऱ्यांतली नाही, टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली ती पटिंगवर. सतरंजीवर पटरच्या डोक्यापेक्षा बोटभर रुंद फट ठेवून दोन पुस्तकं मांडा, तीन फुटांवर वाटी. होल ४.२५ इंचाचा, वाटी त्याहून लहानच घ्या. पटर पुस्तकाला लागला की मोजणी पुन्हा शून्यापासून. उघड्या फरशीवर नको, चेंडू पळतो आणि हात भित्रा होतो.

कृष्णाकाठची: मूळ विषय मुलींची सुरुवात होता, काठीची नाही.

हळदबाजार: आता काठीचाच झालाय, ताई.

गणपतीपेठ: वा, सतरंजीवरून थेट ऑलिंपिक! खऱ्या गवतासाठी सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटर आहे, ते भाडं कोण देणार? ती पुस्तकं?

मिरजमार्ग: भाड्याचं तुमचं खरं आहे. म्हणून तर पहिली दोन वर्षं घरात काढा म्हणतोय, चुकीची सवय घेऊन पुण्याला जाण्यापेक्षा.

गणपतीपेठ: ठीक. हरलो म्हणत नाही. पण पटर कापायचा तर करवत कुठली?

मिरजमार्ग: स्टीलच्या दांडीला पाइपकटर, करवत नको. ग्राफाइट असेल तर कापायच्या जागी आधी टेप घट्ट गुंडाळा, मग बारीक दाताचं पातं, नाहीतर धागे सुटतात. आणि कापायचं ते ग्रिपच्या टोकाकडून. डोक्याकडून कापाल तर काठीच जाईल.