‘जटिल आघात’ आणि ‘सावरणे’

प्रश्न : ‘कॉम्प्लेक्स ट्रॉमा’साठी, म्हणजे दीर्घकाळच्या छळाने मनावर होणाऱ्या खोल परिणामासाठी, ‘जटिल आघात’ हा प्रतिशब्द योग्य आहे का? त्यातून ‘रिकव्हर’ होण्याला मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद : ‘ट्रॉमा’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखम असा आहे. ‘आघात’ हे मात्र जखमेचे नव्हे, तर प्रहाराचे नाव आहे, आणि प्रहार एका क्षणी होऊन संपतो. अपघात किंवा भूकंप यांच्याबाबतीत हा अर्थ जुळतो. पण लहानपणी घरातच वर्षानुवर्षे झालेली मारहाण किंवा दीर्घ बंदिवास, म्हणजे जिथून सुटकेची वाटच नव्हती असा छळ, यात नेमका कोणता क्षण आघाताचा होता हे सोसणाऱ्यालाही दाखवता येत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये हाच भेद ठामपणे मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या, रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत अशा छळातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थेला स्वतंत्र निदान आहे : घडलेले पुन्हा घडते आहे असे वाटणे, त्याची आठवण टाळणे आणि सतत धोका जाणवणे या लक्षणांना तिथे भावना न आवरणे, स्वतःला कवडीमोल समजणे आणि नाती टिकवणे अवघड जाणे यांची जोड मिळते.

‘जटिल’ हा शब्द ‘जटा’पासून आला असल्याने गुंत्याचा अर्थ त्यात आहे, निदानाच्या भाषेत तो खुशाल राहावा. बोलताना मात्र तो आघातावरून सरकून माणसालाच चिकटतो, याची मला काळजी वाटते. तिथे मी ‘साचलेला आघात’ म्हणेन, कारण साचणे थेंबाथेंबाने आणि नकळत होते.

‘घाव’ हा शब्दही सुचू शकेल, पण त्याच्यामागे ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण उभी असते, आणि छळ सोसलेल्या माणसाला ती ऐकवणे क्रूरपणाचे आहे.

‘रिकव्हर’ होण्यासाठी ‘बरे होणे’पेक्षा ‘सावरणे’ मला अधिक नेमके वाटते. हे क्रियापद अकर्मक आणि सकर्मक असे दोन्ही आहे : माणूस स्वतः सावरतो आणि त्याला दुसरे कोणी सावरतेही. उपचारांत आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरे जाणे आणि शोक करणे, त्यानंतर माणसांत पुन्हा मिसळणे असे टप्पे हर्मन सांगतात, आणि हे सारे नात्यांच्या आधारानेच घडते असे त्यांचे म्हणणे आहे. हे टप्पे सरळ रेषेत पार पडत नाहीत. त्यामुळे ‘ती सावरली’ असे लिहिण्याऐवजी ‘ती सावरते आहे’ असे लिहिणे मला बरोबर वाटते.