मदत हवी आहे: शॉर्टकट आणि मराठी टायपिंग एकमेकांच्या आड येतायत

नमस्कार मंडळी. दिवसभर विंडोजवर मराठी टाइप करते. माउसकडे सारखा हात न्यावा लागू नये म्हणून रोजच्या फोल्डरांना शॉर्टकट द्यायला घेतले. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘शॉर्टकट की’ची चौकट, त्यात नुसता ४ दाबला की आपोआप कंट्रोल + ऑल्ट + ४ तयार! फार सोय झाली, खरंच.

अडचण पुढेच आली. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड मांडणीत) ₹ काढायला मी उजवा ऑल्ट + ४ दाबते, तर चिन्ह उमटायच्या ऐवजी फोल्डरच उघडतो. या मांडणीत विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल + ऑल्टच समजतं, हे नंतर कळलं.

टास्कबारवर पिन केलेले प्रोग्रॅम विंडोज की + आकड्याने उघडतात, ते वापरतेच आहे. पण फोल्डरांचं काय? कंट्रोल + शिफ्ट घेतलं तर इतर प्रोग्रॅममधल्या शॉर्टकटांशी टक्कर होईल अशी भीती वाटते. पॉवरटॉईजमधून (मायक्रोसॉफ्टचा मोफत साधनसंच) बिनकामाची कॅप्स लॉक या कामाला वळवून घेणं बरं, की ऑटोहॉटकी (छोट्या स्क्रिप्ट लिहून हवे ते शॉर्टकट बनवायचा प्रोग्रॅम) शिकून घ्यावं? रोज मराठी टाइप करणाऱ्यांनी आपली मांडणी सांगितली तर फार मदत होईल.