आजीच्या वाड्यातली लक्ष्मी, खरं लिथो (दगडावरून छापलेलं जुनं चित्र) आहे का?

सोलापूरकर_पेठ: आजीचा शुक्रवार पेठेतला वाडा रिकामा करताना माळ्यावर लक्ष्मीची फ्रेम सापडली, साडीला खरी जर अन् टिकल्या चिकटवल्यात, खाली बारीक अक्षरात रवि वर्मा प्रेस, कार्ला लोणावळा असं काहीतरी दिसतंय. भंगारवाला पाचशे देतो म्हणतोय, देऊ का? ओरिजिनल कसं ओळखायचं ओ?

जुनाकागद: देऊ नका की ओ! प्रेस १८९४ ला मुंबईत सुरू झाला, नंतर कार्ला-लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला, म्हणून कार्ला-लोणावळा छापलेलं म्हणजे त्यानंतरचं. पण नुसत्या नावावर जाऊ नका, नाव रीप्रिंटवर पण येतं. दहापट भिंग घ्या न लक्ष्मीच्या गालावर धरा. लिथोत ठिपके वेडेवाकडे, बारीक-मोठे दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा वेगळा दगड असायचा न त्यावर हाताने काढलेलं असायचं. एकसारख्या रांगेत, फुलासारखे ठिपके दिसले की ऑफसेट, म्हणजे नंतरची मशीनवरची छपाई, विषय संपला. कडेला रंग थोडा सरकलेला दिसला तर उलट चांगलं लक्षण.

गड्डा_फॅन: साडीवरची जर अन् टिकल्या घरातल्या बायका स्वतः लावायच्या, माझ्या आत्याकडं पण अशीच सरस्वती होती. त्या काढू नका, तीच मजा आहे.

जुनाकागद: हो, आणि ओल्या फडक्यानं अजिबात पुसू नका. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू पण नका, आमच्याकडं कृष्णाचं अर्धं तोंड काचेवरच राहिलं.

सोलापूरकर_पेठ: भिंग धरलं, ठिपके वेडेवाकडेच आहेत! भंगारवाल्याला चहा पाजून पाठवला.