माळढोक ही जाती की प्रजाती?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, जुळे सोलापूर)
आठवीला वर्गीकरण चालू आहे. फळ्यावर उतरंड लिहिली: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. उदाहरण लांबचं कशाला, म्हणून नान्नजचा माळढोक पक्षी घेतला. आर्डिओटिस नायग्रिसेप्स, पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. दुसऱ्या दिवशी एकाने पेपरचं कात्रण आणलं, त्यात ‘माळढोक ही दुर्मीळ प्रजाती’. “बाई, चूक पेपरात आहे का फळ्यावर?” फळा बरोबर आहे, पण हा घोळ होतो कुठून?

प्रतिसाद (अनुवादाचं काम करतो)
बराचसा हिंदीतून. आपण जिथे ‘प्रजाती’ लिहितो तिथे हिंदी पुस्तकांत ‘वंश’ असतो, आणि आपल्या ‘जाती’ला तिकडे ‘जाति’ किंवा सर्रास ‘प्रजाति’ म्हणतात. त्यात ‘प्र’ची गंमत. प्रशिष्य म्हणजे शिष्याचा शिष्य, शाखेला फुटते ती प्रशाखा. त्यामुळे प्रजाती ही जातीच्या पोटातली असणार असं कानाला वाटतं. आहे नेमकं उलटं. आर्डिओटिस या एका प्रजातीत चार जाती: आपला माळढोक, अरबी, आफ्रिकेतला कोरी आणि ऑस्ट्रेलियातला. शिवाय ‘जात’ लिहायला बातमीदाराचा हात कचरतो, हेही आहेच.

प्रतिसाद (शेती खात्यातून निवृत्त, मोहोळ)
आमच्याकडे कुणाचा हात कचरत नाही! ज्वारीची जात कुठली, बैलाची जात कुठली, हेच पहिलं विचारतात. पण ती पुस्तकातली जाती नव्हे. मालदांडी 35-1 ही ज्वारी आमच्या मोहोळला निवडून काढलेली. ती घ्या नाहीतर हुरड्याची गोड ज्वारी घ्या, दोन्ही सोरघम बायकलर, म्हणजे जाती एकच. खिलार आणि गीरचंही तेच. पिकाला ‘वाण’ हा चांगला शब्द आहे, तो वापरला की निम्मा घोळ मिटतो.

शिक्षिका
तुमचं वाचून वर्गातला खरा अडथळा लक्षात आला. मुलांना ‘जाती’ हे अनेकवचन वाटतं! एक जात, चार जाती, असंच आपण बोलतो. त्यामुळे ‘माळढोक ही एक जाती’ म्हटलं की ती हसतात. संस्कृतातून आलेली एकवचनी ‘जाती’ घरात कुणी बोलतच नाही. ‘ही एक प्रजाती’ मात्र कानाला खटकत नाही. पेपरवाल्यांचंही तेच होत असावं.
आज वाघ-सिंह घेतले. दोघांची प्रजाती पँथेरा, जाती वेगळ्या. मग ‘जंगलात किती प्रजाती, किती जाती’ असं मोजायला लावलं, तेव्हा कुठे बसलं.
जाता जाता, ‘पेशी’वरही अडलंय. कांद्याचा पापुद्रा (सोलापुरात कांदा मागावा लागत नाही) आयोडीन घालून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. एक जण म्हणाला, पेशी तर कोर्टात असते, अब्बूंची परवाच होती.

प्रतिसाद (अनुवादाचं काम करतो)
तो चुकला नाही. त्याची पेशी फारसीतून आलेली, हजर होणं या अर्थाची. तुमची संस्कृतातली, आणि तीही जागा बदलून आलेली. सुश्रुतसंहितेत माणसाच्या शरीरात पेशी 500 आणि स्नायू 900 सांगितलेत. तिथली पेशी म्हणजे मांसाचा भाग. हिंदीत ‘मांसपेशी’त तो अर्थ अजून टिकलाय. आपण त्या अर्थाने ‘स्नायू’ म्हणतो आणि ‘पेशी’ त्याहून कितीतरी बारीक गोष्टीला दिला. हिंदीची ‘कोशिका’ मूळ कल्पनेच्या जास्त जवळ आहे. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना लॅटिनमधल्या ‘छोट्या खोली’वरून ‘सेल’ हे नाव दिलं.

शिक्षिका
खोली चालेल, गिरणीच्या चाळी मुलांनी पाहिल्यात. फक्त हूकच्या खोल्या रिकाम्या होत्या, मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. कांद्याच्या खोलीत आयोडीनने पिवळा झालेला केंद्रकाचा ठिपका दिसतो. उद्या तोच आधी दाखवते, नाव नंतर.