आई-बाबांसोबत जपान: रोजचा खर्च किती धरावा?

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन आठ दिवस जपानला जातेय. चार दिवस टोकियो, चार क्योतो. विमान आणि नाश्त्यासकट हॉटेल इथून मुंबईतूनच भरून झालंय. अडलंय ते रोजच्या वरखर्चावर.

मागे सिंगापूरला गेलो तेव्हा मी दिवसाचा आकडा फार आवळून ठरवला आणि घरात बोलूनही दाखवला. आई रोज दुपारी "भूक नाही गं" म्हणायची. तिसऱ्या दिवशी कळलं, मेनूकार्डावरच्या प्रत्येक किमतीचे ती मनात रुपये करत होती. ते मला अजून लागतं. या वेळी तिने पोटभर जेवायला हवं.

तिघांचा दिवसाचा कच्चा हिशेब असा: दोन जेवणं ९,००० येन, फिरणं ३,०००, तिकिटं २,०००, चहापाणी १,०००. एकूण १५,०००. येन ६० पैशांना धरला तर ९,००० रुपये, म्हणजे आठ दिवसांचे ७२,०००.

तिकिटांचं टेन्शन नाही. सेन्सोजी, फुशिमी इनारी ही देवळं फुकटच आहेत, किनकाकुजी या देवळाला माणशी ५०० येन. खरी धाकधूक जेवणाची. आई शुद्ध शाकाहारी, आणि तिथे मिसो सूप काय, उदोन नूडल्सचा रस्सा काय, बहुतेक दाशी नावाच्या अर्कावर करतात आणि दाशीत सहसा मासे. नुसत्या भाज्या दिसल्या म्हणून ताट पुढे ओढता येत नाही. भारतीय हॉटेलं आहेत, पण रोज तिथवर जायचं म्हणजे प्रवासखर्च वाढला. मेतकूट, उपम्याची पाकिटं नेतेच आहे, पण रात्रीचं जेवण त्यावर भागवायचं नाहीये. शाकाहारी माणसाला दोन वेळचे ३,००० येन पुरतात का?

बाबांचे गुडघे दुखतात. टोकियोत मेट्रोचं किमान तिकीट १८० येन, तिघांचे ५४०. टॅक्सीचं मीटर ५०० पासून सुरू होतं आणि त्यात साधारण एक किलोमीटर जाता येतं. तेव्हा जवळच्या जवळ टॅक्सीच करायची असं ठरवलंय.

टोकियो ते क्योतो शिंकान्सेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, माणशी साधारण १४,००० येन, तिघांचे ४२,०००. परतीचं विमान ओसाकाहून आहे, त्यामुळे ते एकदाच. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० येनचा झालाय, म्हणून तो बाद. हे ४२,००० मी विमानाच्या तिकिटासारखे बाजूला काढणार आहे, रोजच्या खर्चात मिसळणार नाही. बरोबर ना?

माझ्या बँकेच्या कार्डावर परदेशातल्या खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे जादा आकार, लागतो, म्हणून फॉरेक्स कार्ड घेतेय. देवळांत आणि छोट्या दुकानांत रोख लागते म्हणतात, तर दिवसाला किती येन जवळ ठेवू?

आणखी एक मनात आहे. रोज सकाळी त्या दिवसाच्या जेवणाचे येन पाकिटात घालून आईच्याच हातात द्यायचे आणि संध्याकाळपर्यंत हे संपवायचेत असं सांगायचं. घरातल्या मोठ्यांना घेऊन कुणी असं केलंय का? त्यांनी खरंच खर्च केले, की पाकीट तसंच परत आलं?