एनएफएल: दिग्गजांनी ओटीएला यावं की घरी बसावं?

मोनॉन्गहेला

मे उजाडला की एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, दरवर्षी तेच रामायण. अमुक आला नाही, तमुक घरीच व्यायाम करतोय, आणि कोच माइकसमोर उसनं हसू आणून सांगतोय की हे सगळं ऐच्छिक आहे, आमची काहीच तक्रार नाही. तक्रार नाही तर मग पुढची दहा मिनिटं, जे आलेत त्यांचंच कौतुक कशाला?

ज्यांचा अमेरिकन फुटबॉल सुपर बोलपुरताच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. संघांना वसंतात नऊ आठवड्यांचा कार्यक्रम घेता येतो. पहिले दोन आठवडे बैठका आणि जिम, पुढचे तीन आठवडे मैदानावर हलका सराव, आणि शेवटच्या चार आठवड्यांत दहा दिवस ओटीए, म्हणजे अख्ख्या संघाचा एकत्र सराव. त्यात अकरा विरुद्ध अकरा खेळता येतं, पण पॅड नाहीत आणि कुणाला आडवं करणं नाही. यायचं की नाही हे खेळाडूने ठरवायचं. सक्तीचा असतो तो फक्त तीन दिवसांचा मिनीकॅम्प. तो बुडवला तर अलीकडे तिन्ही दिवसांचा मिळून साधारण लाखभर डॉलर दंड बसतो.

माझं म्हणणं सगळ्यांना लागू नाही. दहा वर्षं मुरलेला लाइनमन (पुढच्या फळीत धक्के झेलणारा) मे महिन्यात आला नाही तर कुणाचं काही अडत नाही. पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकचं तसं नाही. त्याने यायलाच हवं, विशेषतः पास झेलणारे नवे असतील तर.

2022 चा ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स घ्या. त्याचा हुकमी रिसीव्हर (पास झेलणारा) दावान्ते ॲडम्स रेडर्स संघाकडे गेलेला. त्याची जागा भरायला पॅकर्सनी ख्रिश्चन वॉटसन आणि रोमिओ डब्ज ही दोन कोरी पोरं ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या निवडीत) घेतली. रॉजर्सचा खेळ इशाऱ्यांवर चालतो. स्नॅपच्या (प्ले सुरू होण्याच्या) आधी तो हाताने बारीकशी खूण करतो आणि रिसीव्हरने तिथल्या तिथे रूट (पळण्याचा मार्ग) बदलायचा असतो. त्याचा बॅक-शोल्डर थ्रो (मागच्या खांद्याकडे टाकलेला पास) तर रिसीव्हर मान वळवायच्या आधीच हातातून सुटलेला असतो. हे काही प्लेबुक (डावांची वही) पाठ करून येत नाही, त्याच माणसाबरोबर शंभरदा करून येतं. आणि साहेब ओटीएला आलेच नाहीत, एकदम सक्तीच्या मिनीकॅम्पला उगवले. पुढे 11 सप्टेंबरला मिनेसोटाविरुद्ध पॅकर्सचा पहिलाच प्ले: वॉटसन बचावपटू पॅट्रिक पीटरसनला मागे टाकून मोकळा सुटला, पुढे रान मोकळं, आणि बॉल हातातून निसटला. सामना 23-7 ने गेला. हंगामाअखेर 8 विजय, 9 पराभव, प्लेऑफही (बाद फेरीही) नाही.

---

चौथा डाऊन

तो प्ले पुन्हा एकदा बघाल का? थ्रो पन्नासेक यार्डांचा, पळणाऱ्या माणसाच्या बरोबर हातात. टायमिंगमध्ये कुठे खोट होती? टायमिंग बिनचूक होतं, हात चुकले. बॉल हातात आल्यावर तो धरायचा कसा हे रॉजर्सने मे महिन्यात ग्रीन बेला येऊन शिकवायचं होतं का?

वॉटसनच्या गुडघ्याचं त्या उन्हाळ्यात ऑपरेशन झालं होतं आणि ट्रेनिंग कॅम्पचा मोठा भाग तो बाहेर होता, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. नोव्हेंबरात त्याच जोडीने डॅलसविरुद्ध एका सामन्यात तीन टचडाऊन (बॉल एंड झोनमध्ये नेऊन केलेले गुण) काढले. म्हणजे जुळायचं ते जुळलंच, सामने खेळून जुळलं.

त्याआधीचं वर्षही बघा. 2021 मध्ये रॉजर्सने ओटीए बुडवलं, मिनीकॅम्प बुडवला, 5 लाख डॉलरच्या वर्कआउट बोनसवर पाणी सोडलं. निकाल? 13-4 आणि एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू.

---

मोनॉन्गहेला

13-4 झालं, मान्य. त्याच हंगामाचा पहिला सामना मात्र विसरलात: सेंट्सकडून 38-3 ने हार. म्हणजे दोन वर्षं ओटीए बुडवलं आणि दोन्ही वर्षी सलामीलाच माती खाल्ली. हंगाम 17 सामन्यांचा असतो, 162 सामन्यांच्या बेसबॉलचा नाही. इथे एक सामना गेला की त्याची किंमत जानेवारीत मोजावी लागते.

---

कट्ट्यावरची

तुम्ही दोघंही रॉजर्समध्ये अडकलात. मला यातली पैशाची बाजू जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे पाहिलं तर खेळाडूने स्वतःच्या भल्यासाठी तरी यावं.

2021 च्या एप्रिलमध्ये खेळाडूंच्या संघटनेने ओटीएवर बहिष्काराची हाक दिली. सगळ्यात आधी जाहीरपणे पुढे आले ते डेन्व्हर ब्रॉन्कोजचे खेळाडू. पाठोपाठ बऱ्याच संघांची निवेदनं आली. मे सुरू होतो न होतो तोच डेन्व्हरचा टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारा लाइनमन) जवुआन जेम्स संघाच्या आवाराबाहेर व्यायाम करत असताना त्याचं अकिलीस (टाचेमागची कंडरा) तुटलं. हीच दुखापत संघाच्या जिममध्ये झाली असती तर करार त्याच्या बाजूने उभा राहिला असता. बाहेर झाली म्हणून ती ‘फुटबॉलबाह्य दुखापत’ ठरली. संघाने त्याला मोकळं केलं, आणि त्या वर्षीचा 1 कोटी डॉलरचा हमीचा पगार वाऱ्यावर. वर लीगने सगळ्या संघांना परिपत्रक पाठवून आठवण करून दिली, की बाहेर दुखापत झाली तर पैसे द्यायला तुम्ही बांधील नाही. थोड्याच दिवसांत त्याच संघाच्या डेशॉन हॅमिल्टनचा गुडघा गेला. तोही बाहेरच.

जेम्सला पुढे रेव्हन्सनी घेतलं, तो भाग वेगळा. पण घरी व्यायाम करतो म्हणणाऱ्याने आधी आपल्या कराराचा तो परिच्छेद वाचावा.

---

आगाऊ आजोबा

ताई, उदाहरण चोख आहे, निष्कर्ष उलटा काढलात. तो माणूस व्यायाम कशासाठी करत होता? हौस म्हणून? त्याच संघाकडून खेळता यावं म्हणूनच ना? मग आवारात केला तर कामावरची दुखापत आणि दोन मैलांवर केला तर त्याचं तो बघून घेईल, हा कुठला न्याय? कागदावर ऐच्छिक ठेवायचं आणि न येणाऱ्याच्या मानेवर सुरी धरायची. याला आमच्याकडे गळ्यात घंटा बांधून मोकळं सोडणं म्हणतात.

आणि आवारात गेलं की सगळं सुरक्षित हाही भ्रमच. 2018 च्या मे महिन्यात चार्जर्सचा हंटर हेन्री शहाण्या मुलासारखा ओटीएला गेला. तिथेच एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) तुटलं. अख्खा नियमित हंगाम गेला. पॅड नव्हते, कुणाला आडवं करणं नव्हतं, तरी. 2013 मध्ये फॉर्टीनाइनर्सच्या मायकेल क्रॅबट्रीचं अकिलीस असंच ओटीएत गेलं. पगार वाचतो हो, पण रिसीव्हरला वेग परत कोण देणार?

---

कट्ट्यावरची

पगार वाचतो हे तुम्हीच लिहिलंत. माझा मुद्दा तेवढाच होता.

---

खेळकर

(पुण्याहून. फुटबॉलमधलं कळतं थोडं, मत मोठं.)

आपल्याकडे हे भांडण क्रिकेटमध्ये होऊन गेलं. ऑस्ट्रेलियात 1-3 ने हरून आल्यावर जानेवारी 2025 मध्ये बीसीसीआयने फर्मान काढलं की देशांतर्गत क्रिकेट खेळावंच लागेल. त्यानंतर रोहित शर्मा बीकेसीला जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईकडून रणजी खेळला, 3 आणि 28 केले. त्याआधी 2024 मध्ये श्रेयस अय्यर आणि इशान किशन केंद्रीय कराराच्या यादीतून बाहेर गेले होते. दोन महिने सगळे शिस्तीत. अमेरिकेतल्या मालकांना एवढं जमत नाही?

---

चौथा डाऊन

नाही जमत, आणि न जमण्याचं कारण सांगतो. भारतात सध्या खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची संघटना नाही. 2019 मध्ये जी झाली ती निवृत्तांची. बोर्ड फर्मान काढतं आणि खेळाडू गपगुमान बॅग भरतो.

इथे हा वेळ खेळाडूंनी विकत घेतलाय. 2011 च्या करारात लीगच्या उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा कमी झाला, नवोदितांच्या पगारावर मर्यादा आली. त्या बदल्यात जे मिळालं त्यात ऑफ-सीझन होता: 14 आठवड्यांचे नऊ झाले, ओटीएचे 14 दिवस होते त्यांचे दहा झाले. 2020 च्या करारात मालकांनी सतरावा सामना पदरात पाडून घेतला. आता तेच म्हणणार की मनाने मे महिनाही द्या. का द्यावा? हवा असेल तर पुढच्या वाटाघाटीत मागा आणि काय देता ते सांगा.

शिवाय रणजी हा सामना असतो, धावफलकावर नोंद होते. ओटीए म्हणजे हाफपँटमधली कवायत.

---

आगाऊ आजोबा

आणि ही कवायतही प्रामाणिक नसते. 2021 मध्ये जॅक्सनव्हिल, सॅन फ्रान्सिस्को आणि डॅलस या तिन्ही संघांना ओटीएत नियमापेक्षा जास्त धक्काबुक्की केल्याबद्दल दंड झाला. कोचच्या खिशालाही चाट बसली. शिट्टी वाजली की कोचला राहवत नाही आणि जागेसाठी धडपडणाऱ्या पोराला नाही म्हणता येत नाही.

2020 आठवा. साथीमुळे ओटीए झालंच नाही, सगळ्या बैठका पडद्यावर. प्री-सीझनचे सामनेही नाहीत. तरी सप्टेंबरात वेळेवर हंगाम सुरू झाला आणि क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी नव्या संघात, नव्या प्लेबुकासह गेला आणि सुपर बोल जिंकून आला. 31-9, तेही चीफ्सविरुद्ध. संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष जे. सी. ट्रेटर 2021 मध्ये हेच तर सांगत होते.

---

मोनॉन्गहेला

आजोबा, ब्रेडी काढलात हे बरं केलंत! त्या उन्हाळ्यात तो काय करत होता? टॅम्पातल्या एका शाळेच्या मैदानावर रिसीव्हर गोळा करून पास टाकत होता. जूनमध्ये संघटनेने साथीमुळे एकत्र सराव करू नका असं सांगितलं, तरी थांबला नाही. म्हणजे ज्याच्या नावाने ओटीए निरुपयोगी ठरवताय त्याने स्वतःचं ओटीए भरवलं होतं, स्वतःच्या जोखमीवर. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग ड्यूक विद्यापीठात रिसीव्हर घेऊन जायचा. चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्स दर वसंतात आपल्या माणसांना टेक्ससला बोलावतो, आणि वर ओटीएलाही जातो.

सराव हवाच असतो, भांडण जागेचं आहे. मग संघाच्या मैदानावर या ना, जिथे कोच आहेत, डॉक्टर आहेत आणि कट्ट्यावरची म्हणतात तो परिच्छेदही तुमच्या बाजूने आहे.

---

आगाऊ आजोबा

2018 चा ब्रेडी गाळलात. तेव्हा तो आपल्या पेट्रियट्स संघाच्या ओटीएला गेला नव्हता. फेब्रुवारी 2019 मध्ये रॅम्सना 13-3 ने हरवून सुपर बोलची अंगठी घातली.

---

मोनॉन्गहेला

पास झेलणाऱ्या एडलमन आणि ग्रॉन्काउस्कीबरोबर तो वर्षानुवर्षं खेळत होता. मी वरच लिहिलंय: पास झेलणारे नवे असतील तर.

---

नव्वदीतला

तुम्ही सगळे वरच्या पाच-दहा नावांवर भांडताय. वसंतात संघात 90 जण असतात, सप्टेंबरात 53 उरतात. त्या कापल्या जाणाऱ्यांच्या नजरेतून बघा. स्टार टॅकल आला नाही की त्याच्या जागी पहिल्या फळीत कुणी ड्राफ्टही न केलेला पोरगा उभा राहतो. ऑगस्टमध्ये त्याच्या वाट्याला दोन-चार स्नॅप येतील, मे महिन्यात पोटभर मिळतात, तेही पहिल्या क्वार्टरबॅकसमोर, आणि प्रत्येक स्नॅपची फिल्म बनते. त्या फिल्मवर दुसरा संघसुद्धा उचलतो.

मायल्स गॅरेटसारखे नावाजलेले पास-रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) ओटीएला येत नाहीत म्हणून क्लीव्हलंडच्या राखीव टॅकलने देवाचे आभारच मानले असतील.

---

कट्ट्यावरची

हा मुद्दा आवडला, पण अर्धाच. त्या राखीव टॅकलला गॅरेटला थोपवून दाखवायचं आहे, आपल्यासारख्याच दुसऱ्या राखीव पोराला नाही. सोप्या पेपरात नव्वद टक्के मिळवलेली फिल्म कोण विकत घेणार?

---

नव्वदीतला

ओटीएत समोरासमोरच्या एकास-एक लढतींना बंदीच आहे. गॅरेट आला तरी निम्म्या वेगाने पळणार. त्याला थोपवल्याची फिल्म कुणी खरी मानत नाही. पाय कसे पडतात, कॉल ऐकून योग्य बाजूला वळतो का, एवढंच बघतात.

---

चौथा डाऊन

मोनॉन्गहेला, तुमच्या नियमावर एक शेवटचं उदाहरण. रेव्हन्सचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सनच्या करारात ऐच्छिक कार्यक्रमाच्या हजेरीसाठी साडेसात लाख डॉलर ठेवले होते. 2024 मध्ये पुरेसे दिवस भरले नाहीत म्हणून ते गेले. आणि हंगाम? 41 टचडाऊन पास, फक्त चार इंटरसेप्शन (विरोधकांनी झेललेले पास). रेव्हन्सचे साडेसात लाख वाचले ते वेगळेच. तक्रार नक्की कुणाची आहे?

---

मोनॉन्गहेला

माझीच. सुरुवात 0-2 ने झाली. आधी चीफ्सकडे हरले, मग घरच्या मैदानावर रेडर्सकडे. ते दोन जिंकले असते तर जानेवारीत बफेलोच्या बर्फात जायची वेळ आली नसती.

---

चौथा डाऊन

चीफ्सविरुद्ध शेवटच्या प्लेला लमारने एंड झोनच्या मागच्या रेषेजवळ बरोबर बॉल टाकला आणि आयझाया लाइकलीने झेललाही. बुटाचं टोक रेषेला लागलं म्हणून टचडाऊन गेला. आता लाइकलीला ओटीएत एक नंबर लहान बूट द्यायला हवे होते असं म्हणा, म्हणजे झालं.