मदत हवी आहे: पाड्याच्या पाण्यासाठी क्राउडफंडिंग, आवाहनाचा सूर कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकमधले काही मित्रमैत्रिणी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर पाण्याची सोय व्हावी म्हणून धडपडतोय. तिकडे पावसाळ्यात धो धो कोसळतो, पण उतार आणि कातळ असल्याने पाणी थांबत नाही, पश्चिमेला गुजरातकडे वाहून जातं. होळी झाली की विहिरी तळ गाठतात. दरीतल्या झऱ्याला मात्र मे महिन्यातही पाणी असतं. तिथे सौर पंप बसवून पाणी वर चढवायचं, पाड्यावर टाकी बांधायची असं ठरलंय. अंदाजपत्रक, बँक खातं, पावत्या सगळं मार्गी लागलंय. घोडं अडलंय ते आवाहनाच्या मजकुरावर.

दोन मसुदे आहेत. पहिला: "या गरीब, असहाय माउलींचे हाल बघवत नाहीत. हात जोडून विनंती, अगदी दहा रुपये दिलेत तरी चालतील."

दुसरा: "पाइपसाठीचा चर पाड्यावरच्या लोकांनी श्रमदानातून खणला आहे. टाकीला जागाही त्यांनीच दिली. आता पंप आणि पाइप हवेत. प्रत्येक खरेदीचं बिल देणगीदारांना पाठवू."

गटातले निम्मे जण म्हणतात, डोळ्यांत पाणी आल्याशिवाय माणसाचा हात खिशात जात नाही. मला हे अजिबात पटत नाही. त्या बायकांच्या मुली नाशिकला कॉलेजात शिकतात. हा मेसेज फिरत फिरत त्यांच्या वर्गाच्या ग्रुपवर येणार, आणि त्यात त्यांच्या आईला असहाय म्हटलेलं असणार.

थोडं वाचनही केलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या तनुश्री मित्रा आणि एरिक गिल्बर्ट यांनी २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे उभारायच्या वेबसाइटवरच्या ४५ हजारांहून अधिक प्रकल्पांची भाषा तपासली. देणाऱ्याला बदल्यात काय मिळेल हे सांगणारी वाक्यं यशस्वी प्रकल्पांत जास्त सापडली. 'एक डॉलर दिलात तरी' अशी गयावया फसलेल्या प्रकल्पांत. म्हणजे आमचे दहा रुपये तिथेच बसतात! अर्थात किकस्टार्टरवर पैशांच्या बदल्यात बहुधा वस्तू मिळते, आमची निव्वळ देणगी आहे, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होईल असं मी धरत नाही.

दुसरीकडे २००७ चा स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोविक यांचा प्रयोग आहे. लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचणाऱ्यांपेक्षा आफ्रिकेतल्या माली देशातल्या रोकिया या एका मुलीची गोष्ट वाचणाऱ्यांनी जास्त पैसे दिले. गोष्टीला आकडेवारी जोडली तर देणगी उलट कमी झाली. म्हणजे एका माणसाची गोष्ट हवीच. पण पाड्यावरच्या बायकांना फोटो नको आहे, नावही नको आहे, आणि त्याबाबतीत त्यांचाच शब्द शेवटचा.

तर विचारायचंय ते असं. नाव-चेहरा न देता एका व्यक्तीची गोष्ट जिवंत कशी करायची? हंडे घेऊन दरीतून वर येणारी बाई दाखवण्याऐवजी चर खणणारी, पाइपची रेघ कुठून जाईल हे आम्हाला दाखवणारी बाई लिहिली, तर वाचणाऱ्याला निकड जाणवेल का, की "यांचं काम होतंय की" असं वाटून तो पुढे सरकेल? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या चार ओळींत रक्कम आधी यावी की माणूस? आणि अर्धे पैसे जमल्यावर मोहीम थंडावते, तेव्हा पुन्हा विनवण्या न करता काय लिहावं?

कुणी शाळा, अभ्यासिका, उपचार अशा कामांसाठी मराठीतून पैसे उभे केले असतील, तर तुमचा मजकूर इथे टाका. कुठल्या ओळीला लोकांनी प्रतिसाद दिला तेही सांगा. दिवाळीनंतर मोहीम सुरू करायची आहे, म्हणजे पाणी आटायच्या आत पंप बसेल.